क्षिप्रेकाठी, शाई वाळेपर्यंत

उज्जैनहून परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "दर्शन नीट झालं ना?" झालं, अगदी नीट झालं, पण निघायच्या दिवशी. त्याआधीचे पाच दिवस मी काय केलं हे सांगायला लागलो की समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण त्यातला बराचसा वेळ मी नदीच्या काठावर, शाई वाळायला किती वेळ लागतो ते बघत बसलो होतो. तेव्हा ज्यांना रांगेची, आरतीच्या नोंदणीची किंवा स्वस्त लॉजची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी गाठावं.

मी साताऱ्याचा. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आरेखक होतो. कालवे, मोऱ्या, बंधारे, सगळं जमिनीवर येण्याआधी माझ्या टेबलावरून गेलेलं. रेघ वाकडी दिसली की मला घास गिळवत नाही. पंगतीत पानं तिरकी मांडलेली असली तर मी आधी पानं सरळ करतो आणि मग बसतो, असं माझी बायको सगळीकडे सांगत असते. त्यात तिखटमीठ फार नाही.

फ्रीगंज, बुधवार

उज्जैनला, फ्रीगंज भागात, माझी मावसबहीण कुंदाताई राहते. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचे कोणी खापरपणजोबा दरबारात चिटणिशीला म्हणून गेले आणि तिथेच राहिले. घरात बोलतात मराठी, पण ती मराठी ऐकताना आपल्या माणसाला मधूनमधून ठेच लागते.

"आलास? चप्पल तिथेच राहू दे. पहिले चाय पिऊन घे, मग आंघोळ करून घे," ताईनं दारातच सगळा कार्यक्रम ठरवून टाकला. पाठोपाठ पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडतं, इथे शेव पडते, वर जिरावण नावाचा एक आंबट-तिखट मसाला. शिवाय सोबत जिलबी. मी जिलबी नंतर खाईन म्हणून बाजूला सरकवली, तर ताई म्हणाली, "वेगळी काय खाऊन राहिलास? सोबत खा." सोबत खाल्ली. पहिल्या घासाला चूक वाटली, तिसऱ्या घासाला आमच्या खोबऱ्याचीच कीव आली.

दाजी मागच्या माघात गेले. रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं आणि मी त्यासाठीच गेलो होतो. पण ताईनं मला चार दिवस आधी बोलावून घेतलं होतं, ते एका कामासाठी. काय काम ते फोनवर सांगेना.

पोह्यांची बशी उचलल्यावर तिनं कपाटातून एक आडवी चित्रवही काढली. दाजींना चित्रांचा नाद होता. रविवारी सकाळी स्कूटर काढून नदीवर जायचे आणि काळ्या शाईनं काहीतरी काढून आणायचे, एवढं मला माहीत होतं. ताईनं वहीतलं शेवटचं चित्र उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि आपण खुर्चीवर बसली.

"हे त्यांचं आखरीचं. भैरवगढला बसले होते. इकडे वॉशिंग मशीनवाला आला. त्याला काय बिघडलं ते मला सांगता येईना, म्हणून मी फोन केला, आत्ताच्या आत्ता घरी या म्हणून. म्हणाले, वही बंद करतो नि निघतो. वीस मिनिटांत दारात उभे. अन् चौथ्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत."

मी वही जवळ ओढली.

"मी बोलावलं नसतं तर चित्र पुरं झालं असतं, विनू. एका मशीनसाठी उठवलं त्यांना. जो पाहतो तो म्हणतो, अधूरं राहून गेलं. तू ड्राफ्ट्समन आहेस. तू पुरं करून दे. रविवारी भिंतीवर लागलं पाहिजे."

मी चित्र पाहिलं. मान्य करतो, माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'कच्चं'. पानाचा खालचा बराचसा भाग कोराच होता. पलीकडचा काठ कुंचल्याच्या एकाच ओल्या फटकाऱ्यानं ओढलेला, डावीकडे गडद आणि उजवीकडे जाता जाता पातळ होत नाहीसा झालेला. झाडं म्हणजे तीन डाग. घाटाच्या पायऱ्या चार काढून सोडून दिलेल्या. देवळाचं शिखर अंदाजे दोन अंशांनी कललेलं. आणि नदी तर काढलेलीच नव्हती.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडून इतकं अडाणी वाक्य पूर्वी कधी गेलं असेल असं वाटत नाही. ताईच्या चेहऱ्यावर मात्र असा काही दिलासा उमटला की ते वाक्य परत घेण्याची सोयच उरली नाही.

टावर चौक, त्याच संध्याकाळी

संध्याकाळी ताईनं मला फ्रेमवाल्याकडे नेलं. टावर चौकात थंडीमुळे जिकडेतिकडे गराडू तळले जात होते. गराडू म्हणजे एक प्रकारचा कंद. तळून, लिंबू पिळून, वर तेच जिरावण. आम्ही उभ्याउभ्या एक एक पुडा खाल्ला. ताई गेल्या वर्षभरात या चौकात आली नव्हती, हे तिनं खाता खाता अगदी सहज सांगितलं.

फ्रेमवाला दाजींना ओळखत होता. त्यानं वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"मास्साब का काम है, मना थोड़ी करूँगा. पर ये तो आधा है, माताजी."

"ये पूरा करेंगे," ताईनं माझ्याकडे बोट केलं. "सरकारी ड्राफ्ट्समन थे."

फ्रेमवाल्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वही मिळाली तर तो पान अलगद सोडवून रविवारी सकाळी फ्रेम घरपोच देणार होता. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते.

भैरवगढ, गुरुवार

गुरुवारी सकाळी रिक्षा करून मी दाजींच्या जागेवर गेलो. निघताना त्यांचं सामान मागितलं तर ताईनं दारामागच्या खुंटीकडे हात केला. तिथे खाकी पिशवी टांगलेली होती. "तशीच आहे. त्यांनी टांगली, मी हात नाही लावला," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

भैरवगढ कापडावरच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. लाकडी ठशांनी चादरी, साड्या छापतात, धुतात आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेत वाळत घालतात. नदीकडे उतरताना दोन्ही बाजूंना लाल-काळी बुट्टी असलेली कापडं पसरलेली. मी जागा शोधून, पायऱ्यांवर बसून पिशवी उघडली. शाईची बाटली, फडक्यात गुंडाळलेले दोन कुंचले, पाण्याची रिकामी बाटली आणि स्टीलची एक वाटी, घासूनपुसून लख्ख. टापटिपीचा माणूस, मी मनात म्हणालो. चित्रात ही टापटीप का उतरली नाही, असंही म्हणालो.

मी थेट चित्राला हात लावणाऱ्यातला नाही. आधी त्यावर ट्रेसिंग पेपर लावला आणि कामाला लागलो. पायऱ्या मोजल्या. अकरा भरल्या. दाजींच्या चार होत्या, मी सात घातल्या. शिखर सरळ केलं. पलीकडचा काठ शेवटपर्यंत नेला. झाडांना खोडं दिली. नदीत, आपल्याकडे नकाशात दाखवतात तशा, पाण्याच्या समांतर रेघा ओढल्या. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं.

मग मी ट्रेसिंग थोडं दूर धरून पाहिलं. एकही चूक नव्हती. ते चित्र कोणत्याही कचेरीत मंजूर झालं असतं. आणि बघवत नव्हतं.

ट्रेसिंग बाजूला केलं की खालून दाजींचं चित्र दिसायचं आणि एकदम गार हवा आल्यासारखं वाटायचं. पुन्हा वर ठेवलं की हवा बंद. मी हा खेळ दहा-बारा वेळा केला असेन. शेवटी स्वतःवरच चिडून वही पिशवीत घातली आणि घरी गेलो. ताईनं त्या दिवशी बाफले केले होते. बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवून डाळीबरोबर खायचा. मी तीन खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत झोपलो. "झालं का काम?" या प्रश्नाला उत्तर देणं त्यामुळे लांबलं, हा बाफल्यांचा आणखी एक गुण.

भैरवगढ, शुक्रवार

शुक्रवारी मी लवकर गेलो, साडेसातला. दाजी त्याच सुमाराला बसायचे असं ताई म्हणाली होती.

नदीवर धुकं होतं. पहिल्या चार पायऱ्या दिसत होत्या, खालच्या सात नव्हत्या. पलीकडचा काठ डावीकडे गडद होता आणि उजवीकडे जाता जाता खरोखरच नाहीसा होत होता. झाडांचे तीन डाग होते, खोडं नव्हती. मी वही मांडीवर उघडली. एकदा समोर, एकदा पानावर, असं किती वेळ बघत होतो कोण जाणे.

मग मला ते चित्र पहिल्यांदा दिसलं. घाटाच्या चौथ्या पायरीची रेघ पुढे जाता जाता पाण्याची कड होते. पायरी कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही, रेघ एकच आहे. हात मध्येच उचललाय, कुंचला कोरडा पडून रेघ तुटलीय, आणि तुटली तिथेच पाण्यावर ऊन आहे. पलीकडे वाळत घातलेली कापडं दाजींनी काढलेलीच नाहीत. काठ रंगवताना मध्ये पांढऱ्या फटी सोडल्यात, त्या कापडं झाल्या. झाडांची शाई ओल्या कागदावर टाकून तिला हवं तिकडे जाऊ दिलंय. नुसतं जाऊ द्यायचं, तिच्यामागे धावायचं नाही. मला पस्तीस वर्षांत ते कधी जमलं नाही. आणि सगळ्यात खाली ते कोरं पान, जिथे मी रेघा ओढल्या होत्या, ती नदी होती. खरं सांगतो, मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त आनंद झाला. आपले दाजी इतके मोठे होते आणि आपण त्यांच्याशी वर्षानुवर्षं फक्त गाड्यांच्या वेळापत्रकाबद्दल बोललो.

चित्र पुरं होतं. हे मला कळलं, पण ताईला कसं कळवायचं? 'छान आहे, असंच राहू दे' म्हटलं तर ती म्हणणार, माझं मन राखतो आहेस. तिला चित्राची पडली नव्हती. आपण त्यांना उठवलं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते काढायला माझं कौतुक पुरणार नव्हतं.

या विचारात असतानाच वारा सुटला आणि मांडीवरचं माझं ट्रेसिंग उडालं. उडालं ते थेट मागच्या अंगणात, नुकत्याच छापलेल्या ओल्या चादरीवर जाऊन चिकटलं.

"अरे भिया! क्या कर रिये हो?" एक साठीचे छपाईवाले काका ठसा हातात घेऊन धावत आले. मी माफी मागत ट्रेसिंग सोडवलं. चादरीवर एका ओळीतली बुट्टी फिसकटली होती. ती चादर मीच घेईन म्हटल्यावर ते शांत झाले. पिशवी पाहून म्हणाले, "ये तो मास्साब का झोला है." मी नातं सांगितलं. त्यांनी ठसा खाली ठेवला आणि आतून चहा मागवला.

"हर इतवार आते थे. काम थोड़ा, बैठना ज्यादा. बना लेते, सामान धो-पोंछ के रख लेते, फिर कॉपी खुली रख के बैठे रहते."

मी चहा पीत माझ्या ट्रेसिंगकडे बघत होतो. त्याच्या पाठीवर लाल बुट्टीची अख्खी ओळ उलटी उमटली होती. ओल्या रंगावर कागद टेकला की रंग उचलणारच, त्यात नवल काय. आणि एकदम मी चहाचा कप खाली ठेवला.

मी वही उघडली. उजव्या पानावर दाजींचं चित्र. डावं पान, जे वही मिटल्यावर चित्रावर दाबून बसतं, ते स्वच्छ होतं. एक ठिपकासुद्धा नाही.

फोन येताच दाजींनी वही मिटली होती. भैरवगढहून फ्रीगंजला स्कूटरनं वीस मिनिटं तर नुसती लागतात, म्हणजे ते एक क्षणही थांबले नव्हते. शाई ओली असती तर ती झाडं समोरच्या पानावर उमटली असती. टिपकागद पिशवीत नव्हता. आणि टिपलेल्या डागाला कड राहत नाही. इथे प्रत्येक डागाच्या कडेला शाई गोळा होऊन बारीक काळी रेघ उठली होती. ती शाई आपली आपण, सावकाश वाळली तरच उठते. हे मात्र मला कोणी शिकवायला नको होतं.

तरी माझा स्वभाव. मी वहीचं शेवटचं कोरं पान घेतलं, चहा संपवून त्याच कपात शाई कालवली आणि दाजींच्या झाडाएवढा डाग टाकला. घड्याळ लावून बसलो. पाच मिनिटांनी ट्रेसिंगचा तुकडा टेकवला, काळा झाला. पंधरा मिनिटांनी पुन्हा काळा. मी बोट लावून बघायला लागलो तर काका म्हणाले, "उंगली से क्या पता चलेगा. गाल लगाओ. ठंडा लगे तो अभी गीला है. हम कपड़ा ऐसे ही देखते हैं." मग एक निवृत्त सरकारी नोकर क्षिप्रेच्या काठी चित्रवहीला गाल लावून बसला. येणारेजाणारे 'जय महाकाल' म्हणत होते, मीही म्हणत होतो. अर्ध्या तासानं गालाला गार लागेना. तुकडा टेकवला, कोरा राहिला.

अर्ध्या तासानं वाळतं. हे कळल्यावरच मला ती वाटी आठवली. चित्र चालू असताना मध्येच उठले असते तर वाटीत शाई वाळून बसली असती. ताईनं पिशवीला हात लावला नव्हता, आणि वाटी लख्ख होती.

घरी

ताई मटार सोलत बसली होती. मी वही तिच्यासमोर उघडली आणि सगळं सांगितलं, क्रमानं, जसं साहेबांना सांगायचो तसं. डावं पान, माझा शेवटच्या पानावरचा डाग, त्याशेजारी ट्रेसिंगचे काळे तुकडे आणि शेवटचा कोरा तुकडा, आणि वाटी.

"तू फोन केलास तेव्हा चित्र होऊन अर्धा तास तरी झाला होता, ताई. कमीत कमी अर्धा तास. सामान धुऊन झालं होतं. तू त्यांना चित्रातून उठवलं नाहीस."

तिनं हात पदराला पुसले. डाव्या पानावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग वाटी घेतली, आत डोकावून पाहिलं आणि वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेर बसून उरलेले मटार सोलले. तिला पटलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "फ्रेमवाल्याकडे देऊन ये. बंद होऊन जाईल त्याचं दुकान."

फ्रेमवाल्यानं वही पाहून विचारलं, "इसमें किया क्या आपने?" मी म्हणालो, "कुछ नहीं." त्याचा माझ्याबद्दलचा आदर तिथेच संपला.

शनिवारभर ताई श्राद्धाच्या तयारीत होती. चित्राचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

रविवार

फ्रेम सकाळी आली. विधी झाले, पानं वाढली. दाजींच्या फोटोशेजारी चित्र टांगलं होतं. पंचवीसेक माणसं असतील, निम्मी मराठी, निम्मी शेजारची. जेवणं उरकत आली तेव्हा खालच्या मजल्यावरचे शर्माजी हात धुऊन भिंतीपाशी गेले. चांगला माणूस, बोलले तेही चांगल्या मनानंच.

"बेचारे मास्साब. आखिरी वाली पूरी नहीं कर पाए."

मी ताईकडे बघायचं टाळलं. ती खिरीचं पातेलं घेऊन वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"पूरी है, भाईसाहब," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ. "पूरी करके, सुखा के, बर्तन तक धो के बैठे थे वहाँ. आधा घंटा. नदी देखते हुए. मैं यहाँ मशीनवाले के साथ अकेली सिर खपा रही थी."

ताई फोटोकडे वळली. गेलं वर्षभर ती त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची. त्या दुपारी तिनं कमरेवर हात ठेवला, डोळे भरून वाहत होते, ते पुसलेही नाहीत आणि पंचवीस माणसांदेखत दाजींवर ओरडली,

"अहो, झालं होतं तर यायचं नं घरी!"